‘दोन फुल गगनबावडा’चं शेवटचं रीळ

सोमशेखर हुक्केरी या माणसाने आयुष्यात एकच पुस्तक मोठ्याने वाचून दाखवलं, आणि तेही खोटं. बारा वर्षं, दर सोमवारी, एकाच म्हातारीला.

तसा माणूस सरळ. महाद्वार रोडमागच्या एका बोळात, पहिल्या मजल्यावर त्याची टायपिंगची शाळा होती. सोळा मशिनं, त्यांतली तीन कायमची आजारी. घराणं गडहिंग्लजकडचं, घरात निम्मं कानडी आणि निम्मं मराठी. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, खिशाला दोन पेनं. त्याच्याकडे बघून कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं, की कोल्हापूरच्या हॉस्टेलांतून फिरलेल्या सगळ्यात बदनाम गांजेकस कादंबरीतला ‘मास्तर’ म्हणजे हाच इसम.

कादंबरीचं नाव ‘दोन फुल गगनबावडा’. लिहिणारा गुरुपाद, सोमशेखरचा लहानपणापासूनचा मित्र. लिहिणारा म्हणायचं ते आपलं म्हणायला. गुरुपाद लिहायचा नाही, बोलायचा. टायपिंगची शाळा दुपारी बारा ते तीन बंद असे. त्या वेळात तो खिडकीच्या कट्ट्यावर पाय पसरून चिलीम भरायचा आणि बोलायला लागायचा. सोमशेखर ते थेट स्टेन्सिलवर टाइप करायचा. मधूनमधून चिलीम त्याच्याकडेही यायची आणि तो नाही म्हणायचा नाही. हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मास्तरांच्या दृष्टीने ते तसंच राहिलेलं बरं होतं.

गोष्ट काय, तर दोन मित्र गांजाची पिशवी घेऊन, दोन फुल तिकिटं काढून एस्टीने गगनबावड्याला निघतात. कंडक्टर तिकिटं पंच करता करता आभाळालाही भोकं पाडत जातो. रंकाळ्यातून उठून एक म्हैस मागच्या सीटवर येऊन बसते आणि नगरपालिकेच्या कारभारावर भाषण ठोकते. गाडी पळते, पळतच राहते, आणि गगनबावडा काही येत नाही. नव्वद साली दोघांनी याच्या दोनशे प्रती सायक्लोस्टाइल करून वाटल्या. पुढे पोरांनी प्रतींचे झेरॉक्स काढले, झेरॉक्सांचे झेरॉक्स काढले. अक्षर इतकं पुसट झालं, की ‘ओढल्याबिगर वाचायला येत न्हाई’ अशी पुस्तकाची ख्याती झाली.

एक गोष्ट मात्र त्यात नव्हती, ती म्हणजे शेवट. तो तिथं जाऊनच सुचेल असं गुरुपादच्या डोक्यात आलं, आणि एक्याण्णवच्या जुलैत दोघं खरोखरच एस्टीने गगनबावड्याला गेले. दुपारची वेळ. धुकं असं, की हातातली चिलीम दिसत नव्हती. घाटाच्या तोंडाशी रस्त्याच्या कामगारांची रिकामी शेड होती. तिथं बसून दोघांनी ओढली. सोमशेखरला झोप लागली. चारच्या सुमाराला जाग आली तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. त्याने हाका मारल्या, धुक्यात दोन पावलं गेला, भ्याला आणि परत आला. दोन दिवसांनी गुराख्यांना गुरुपाद खाली दरीत सापडला.

हे झालं खरं. पण चौकीत हवालदाराने वर न बघता विचारलं, ‘‘आन तुमी कुटं होता वो?’’ तेव्हा सोमशेखरच्या तोंडून आपोआप एक वाक्य बाहेर पडलं. ‘‘त्याचा पाय घसरला. मी धावलो, मनगट धरलं, पण ओल्या हातातनं निसटलं.’’ हवालदाराने ते लिहून घेतलं. जे वाक्य चौकीत दिलं तेच गुरुपादच्या आईला द्यावं लागलं, आणि तिथून मग सुटका नव्हती.

गुरुपादची आई म्हणजे नीलम्मा. उचगावात दोन खोल्यांत राहायची, नवरा कधीच गेलेला, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी करून दुकानांना द्यायची. एवढा एकच मुलगा. सगळं ऐकून घेतल्यावर तिने सोमशेखरचा उजवा हात हातात घेतला, जणू त्याच्यावर अजून काही शिल्लक असेल. म्हणाली, ‘‘तू हुतास तम्मा. शेवटाला तू धरलंस त्येला. ह्येच मला लई झालं.’’ आणि पुढं येणाऱ्या-जाणाऱ्याला, भाकरी न्यायला आलेल्या दुकानदाराला, जत्रेत भेटलेल्या पाव्हण्याला ती हेच सांगत राहिली. ह्यो सोमशेखर, ह्येनं माज्या गुरूचं मनगट धरलतं. सोमशेखरला त्या वेळी वाटायचं की जमीन फाटावी. ती काही फाटली नाही.

वर्षश्राद्ध झाल्यावर तिने दुसरं काढलं. नीलम्मा कानडी शाळेत तिसरीपर्यंत शिकलेली. कानडी अक्षर लागायचं, मराठी लागायचं नाही. ‘‘माज्या गुरूनं बुक लिवलंय म्हंत्यात सगळी. काय लिवलंय त्ये वाचून दाखीव की मला.’’

आता गांजाची कादंबरी आईला कशी वाचून दाखवणार? सोमशेखरने पहिल्या पानावर गांजाच्या जागी काजू म्हटलं. चंदगडचे काजू, पिशवीभर. चिलीम आली तिथं चहा आला. धूर आला तिथं वाफ. टायपिंगवाल्याचं डोकं, त्यामुळे शब्दाला शब्द बसत गेला. दोन पोरं काजूची पिशवी घेऊन पोलिसांना चुकवत एस्टीने निघालीत, अशी गोष्ट झाली.

‘‘काजूला पोलिसाचं काय भ्या?’’ नीलम्माने विचारलं.

‘‘परमिट न्हवतं, अव्वा.’’

म्हातारीची आठवण पक्की. पुढच्या खेपेला एखादं वाक्य इकडचं तिकडे झालं की भाकरी थापायची थांबायची. ‘‘मागल्या बारीला म्हस लई बोलली हुती. आता गप का?’’ शेवटी सोमशेखरने काजूची सगळी कादंबरी नव्याने टाइप करून काढली. एकच प्रत. खऱ्या पुस्तकाच्या दोनशे प्रती आणि खोट्याची एक, आणि वाचली गेली ती जास्त हीच. दर सोमवारी तो शाळा बंद करून उचगावला जायचा, दहा-बारा पानं वाचायचा, कडक भाकरी खायचा. पुस्तक संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

आणि दर वेळी पुस्तक संपलं की नीलम्मा विचारायची, ‘‘आन मग?’’ पुस्तकाला शेवट नव्हताच. मग सोमशेखर उरलेलं तोंडी सांगायचा. धुकं, पाय घसरला, मी धावलो, मनगट धरलं. वर्षातून तीन-चारदा तरी त्याला ते मनगट नव्याने धरावं लागायचं. तेवढं झालं की म्हातारी शांतपणे डोळे पुसायची आणि उठून चुलीपाशी जायची. ती पाठ बघितली की सोमशेखरला घास उतरायचा नाही. तो मनापासून स्वतःची घृणा करायचा, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा जायचा.

दोन हजार दोन साली सम्राट उगवला. लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगा करणारा राजारामपुरीतला तिशीचा गडी, अंगात हौस दांडगी. हॉस्टेलात मिळालेलं निम्मी पानं गायब असलेलं पुस्तक घेऊन तो जिना चढून आला. ‘‘सर, ह्याच्यावर पिक्चर करनार म्हंजे करनार. पटकथा तुमीच लिवायची. हंबीरराव पैसा लावालेत.’’ हंबीरराव म्हणजे चित्रपटांचं वितरण करणारे, पेठेतले बडे प्रस्थ. त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं. गांजा ओढून दोन माणसं एस्टीत बसतात एवढं ऐकूनच ते पोट धरून हसले होते. त्यांना विनोदी पिक्चर हवा होता.

सोमशेखरने नकार द्यायला हवा होता. पण टायपिंगला कॉम्प्युटरने घरघर लावली होती, आणि आपल्या मित्राचं नाव पडद्यावर येणार हा मोह काही लहान नाही. नीलम्माची परवानगीही त्यानेच आणली. ‘‘गुरूच्या बुकाचा शिनेमा कराल्यात, अव्वा.’’ ‘‘काजूचा?’’ ‘‘व्हय, काजूचा.’’ तिने हसून कानडीत सही केली.

सगळं लिहून झालं आणि सम्राट म्हणाला, ‘‘सर, शेवट कुटाय? पिक्चरला शेवट नको व्हय?’’

त्या दुपारी शाळा बंद झाल्यावर सोमशेखर मशिनीवर बसला आणि एका बैठकीत तीन पानं टाइप केली. शेडमध्ये मास्तर झोपतो. मित्र त्याच्याशी बोलत बोलत उठतो, धुक्यात चालायला लागतो. मास्तर घोरत राहतो. संपलं. एवढी वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते बोटांनी परस्पर सांगून टाकलं. त्याला बरं वाटलं. खरोखरच फार बरं वाटलं. नीलम्मा कुठं पिक्चर बघते! लग्नाआधी जत्रेच्या तंबूत एक देवाधर्माचा बघितलेला, तो शेवटचा. तिच्यापर्यंत हे जायचं नाही, आणि आपल्या छातीवरचा धोंडा तर उतरेल, असा त्याने हिशोब केला होता.

सम्राटने तीन पानं वाचली आणि मांडीवर थाप मारली. ‘‘नाद खुळा, सर! हिकडं ह्यो तोंड वासून घोरालाय, आन तिकडं त्यो गायब! पब्लिक हसून लोळनार बगा.’’

 सोमशेखरने त्याच क्षणी सांगायला हवं होतं की बाबा, हे हसण्यासारखं नाही. पण मग का नाही, तेही सांगावं लागलं असतं. तो सम्राटबरोबर हसला. त्या हसण्याची लाज त्याला पुढे कितीतरी दिवस पुरली.

चित्रपट दोन हजार चारच्या फेब्रुवारीत लागला. नाव बदलून ‘धुक्यात धमाल’. आणि गावाचे सरळ दोन तुकडे झाले. ज्यांनी पुस्तक उशाखाली ठेवून तारुण्य काढलं होतं, ते आता टक्कल पडलेले प्राध्यापक आणि वकील. ते मध्यंतरातच उठून गेले. गुरुपादच्या वेड्या, दुखऱ्या पुस्तकाचा यांनी तमाशा केला, म्हणून वर्तमानपत्रांत पत्रं आली. एका तालमीच्या पोरांनी, पिक्चर गांजा शिकवतो म्हणून पोस्टरला डांबर फासलं. दुसऱ्या तालमीने त्याच पोस्टरला हार घातला. कुणी तीन-तीनदा बघून आलं, म्हशीचं भाषण पाठ करून चौकात म्हणू लागलं. सोमशेखरच्या शाळेतून दोन पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. पानपट्टीवर कुणीतरी विचारलंच, ‘‘मास्तर, त्यो पिक्चरातला मास्तर कोन वो?’’ तो म्हणाला, ‘‘काल्पनिक हाय.’’

या सगळ्याला हंबीररावांनी जो उपाय काढला तो कोल्हापुरातच निघू शकतो. मराठी चित्रपट दुसऱ्या आठवड्यात गेला की एका दुपारी बारा वाजता ‘खास महिलांसाठी खेळ’ लावायचा, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. पुरुषांना थेटरात प्रवेश नाही. तिकीट निम्म्या दराने, दारात गजरा, शेवटी नंबर काढून पाच जणींना साड्या. सासू-सुनांच्या, भावा-बहिणींच्या रडक्या पिक्चरांवर हे चालत आलं होतं. बायकांनी एकदा चांगलं म्हटलं की घराचं तोंड बंद होतं, हा त्यांचा अनुभव. पिक्चर गांजाचा आहे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. रिवाजाप्रमाणे खेळ लागला, आणि रिवाजाप्रमाणेच एखादी आदरणीय पाहुणी बोलवायची म्हणून पाहुणी शोधली गेली.

सोमशेखरने ते बुधवारी सकाळी अकराच्या बॅचला वर्तमानपत्रात वाचलं. जाहिरात बोटभर उंचीची, त्याच दुपारच्या खेळाची. ‘प्रमुख पाहुण्या: मूळ लेखकाच्या मातोश्री श्रीमती नीलम्मा.’

 पोरी टाइप करत होत्या तशाच टाकून तो खाली आला आणि लुना उचगावच्या रस्त्याला लावली. दोन खोल्यांना कुलूप. समोरच्या घरातल्या बाईने सांगितलं, ‘‘हंबीररावांची जीप आलती की. शालूबाईला संगं घिऊन गेली म्हातारी. नवं लुगडं नेसून गेली बगा.’’ शालूबाई म्हणजे तिच्या भिंतीला भिंत असलेली शेजारीण, भाकरीच्या कामात मदतीला येणारी. सोमशेखरने लुना वळवली. बारा वाजून गेले होते.

थेटरासमोर गजऱ्यांतल्या फुलांचा सडा पडला होता. दाराशी डोअरकीपरही आज बाईच, महिला मंडळाची, छातीला रिबिनीचं फूल लावलेली.

‘‘पावणं, आज गड्यास्नी बंदी हाय.’’

‘‘मी पिक्चरचा लेखक हाय, बाई. आत एकीला निरोप द्यायचाय. लई तातडीचं हाय.’’

‘‘लेखक असा न्हाईतर मंत्री असा. बोर्ड वाचा की.’’ मग तिने जरा निरखून बघितलं. ‘‘तुमीच लिवलाय व्हय ह्यो? शोभतंय का तुमाला, कपाळाला विभूती लावून?’’

सोमशेखर बाजूला झाला. आतून एकदम आठशे बायकांच्या हसण्याचा आवाज आला. त्याला काय करायचं होतं ते त्यालाही नीट माहीत नव्हतं. तिला हात धरून बाहेर काढायचं? काय सांगून? तो थेटराला वळसा घालून मागे गेला. तिथं लोखंडी जिना वर मशीन रूमकडे जायचा. बायकांच्या खेळाला संपूर्ण इमारतीत एकच पुरुष चालायचा, तो म्हणजे ऑपरेटर आकाराम. त्याचा थोरला सोमशेखरकडेच टायपिंग शिकून बँकेत लागला होता.

‘‘आकाराम, शेवटचं रीळ लावू नका.’’ दम लागल्याने त्याला धड बोलता येईना. ‘‘पाया पडतो. आजच्या दीस. फक्त आजच्या दीस.’’

आकारामने चष्म्यावरून बघितलं. त्याला यात नवल काही नव्हतं. उशीर झाला की रीळ गाळायचं, गाणं कापायचं, हे त्याचं रोजचं. ‘‘एवडंच न्हवं? ठिवतो की बाजूला. बायास्नी घरला जाऊन सयपाक असतोय, कोन इचारालंय शेवट!’’ त्याने शेवटच्या रिळाचा डबा उचलला आणि पायाशी जमिनीवर ठेवला. ‘‘बसा. च्या घ्या.’’

सोमशेखरचा जीव भांड्यात पडला. बसला मात्र नाही. भिंतीतल्या चौकोनी भोकातून तो खाली बघू लागला. बाल्कनीच्या पहिल्याच रांगेत, मधोमध, पदर डोक्यावर घेतलेली एक पाठ. ती पाठ त्याने अंधारातही ओळखली असती. शेजारी शालूबाई. नीलम्माचे खांदे हलत होते.

रडतेय, असं त्याच्या मनात आलं. पडद्यावर गुरुपाद होता, म्हणजे गुरुपादचं काम करणारा पोरगा. टायपिंगच्या शाळेच्या खिडकीत पाय पसरून चिलीम भरत होता. काजूबिजू काही नव्हतं. आठ हात उंचीची चिलीम, आणि पडदाभर धूर. सोमशेखरने भोकाच्या कडेला कपाळ टेकवलं. बारा वर्षं एकेक शब्द पुसून ठेवलेलं सगळं त्या म्हातारीच्या समोर लख्ख उभं होतं.

मग नीलम्मा शालूबाईकडे वळली आणि तिचा चेहरा दिसला. ती हसत होती. दात नसलेलं तोंड उघडं टाकून, पदराने डोळे पुसत, शालूबाईच्या मांडीवर चापट्या मारत हसत होती. पडद्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती. तिचा मुलगा तिथं चालत होता, बोलत होता, आणि ती हसत होती.

सोमशेखर बघत राहिला. हिला त्या गांजाचं काहीच वाटत नव्हतं. मग आपण एवढी वर्षं कुणासाठी काजू काजू करत होतो? तिला जपतोय, तिला जपतोय असं म्हणत होतो. गांजा लपवायचा तो गुरुपादसाठी, असंही स्वतःला सांगत होतो. तसं काही नव्हतं. चिलीम कळली असती तर झोपही कळली असती; सगळा खटाटोप त्या एका झोपेवर पांघरूण घालायला होता. पांघरूण स्वतःच्या अंगावरचं, आणि नाव म्हातारीचं. त्याला स्वतःचा इतका राग आला की त्याने भिंतीवर मूठ आपटली.

‘‘काय झालं वो?’’ आकारामने विचारलं.

मध्यंतर झालं तरी तो भोकापासून हलला नाही. खाली म्हशीचं भाषण झालं, थेटर शिट्ट्यांनी हादरलं. बायका शिट्ट्या वाजवतात हे सोमशेखरला त्या दिवशी कळलं. एस्टी घाट चढू लागली. पडदा हळूहळू पांढरा व्हायला लागला.

‘‘मास्तर,’’ आकाराम म्हणाला, ‘‘ह्ये रीळ सपत आलं. दोन मिंटं हायत. लाइटी लावू का?’’

सोमशेखरने जमिनीवर ठेवलेल्या डब्याकडे बघितलं. लाइटी लावल्या असत्या तर नीलम्मा हसत हसत घरी गेली असती. सोमवारी त्याला भाकरी वाढली असती, आणि विचारलं असतं, आन मग? आणि त्याने पुन्हा ते मनगट धरलं असतं. ती मरेपर्यंत. किंवा तो मरेपर्यंत.

‘‘लावा,’’ तो म्हणाला.

‘‘लाइटी?’’

‘‘रीळ. रीळ लावा.’’

आकाराम वैतागला. शिवी हासडत त्याने डबा उचलला, उघडला, दुसऱ्या मशिनीवर रीळ चढवलं. अगदी वेळेत. खाली कुणाला काही कळलंही नाही.

शेड आली. मास्तर पोत्यावर आडवा झाला आणि घोरायला लागला. सम्राटने त्या घोरण्याला सनईचा आवाज जोडला होता. थेटर फुटलं. आठशे बायका हसत होत्या, काही उभ्या राहून हसत होत्या. मागे धुक्यात एक पाठमोरा माणूस चालत चालत पुसट होत गेला. सोमशेखर पडद्याकडे बघतच नव्हता. तो बाल्कनीतले दोन खांदे बघत होता. ते हलायचे थांबले. मग पूर्ण स्तब्ध झाले.

तो जिना उतरून पुढे आला आणि सायकल स्टँडच्या पत्र्याखाली उभा राहिला. पळून जावंसं वाटत होतं. पाय तसे एकदोनदा वळलेही. पण तो उभा राहिला.

आत साड्यांचे नंबर पुकारायला सुरुवात झाली, त्यामुळे बाहेर फारसं कुणी आलं नव्हतं. नीलम्मा आली ती शालूबाईच्या हाताला धरून. दुसऱ्या हातात सत्काराचा नारळ आणि साडीची पिशवी. त्याला बघून ती थांबली. शालूबाईला म्हणाली, ‘‘तू रिक्षा बग जा.’’ शालूबाई गेली.

 मग नीलम्मा म्हणाली, ‘‘तसाच चालायचा गुरू. खांदा पाडून. त्या पोराला कुनी शिकिवलं?’’

‘‘मी सांगितलतं, अव्वा.’’

‘‘लई हसलो मी.’’

‘‘अव्वा, ते काजू...’’

‘‘काजूचं ऱ्हाऊं दे. माजा सासरा जल्मभर ओढत हुता. गुरूच्या शर्टाला वास यायचा, मीच धुवत हुतो की त्यी शर्टं. तू लाजतोस म्हटलं, लाजू दे.’’ तिने पिशवी खाली ठेवली. ‘‘मास्तर म्हंजी तू.’’

‘‘व्हय.’’

‘‘शेवटाला दावलं, त्ये खरं, का हसवायला केलंय?’’

वाक्य जिभेवर तयार होतं. पिक्चरवाले काय वाट्टेल ते दाखवतात, अव्वा. नुसतं म्हणायचं होतं. तिनेही कदाचित मानलं असतं. तिचे डोळे बघून वाटत होतं, तिला मानायचं होतं.

‘‘खरं हाय,’’ सोमशेखर म्हणाला.

‘‘झोपलातास.’’

‘‘व्हय.’’

‘‘धावलास न्हाईस.’’

‘‘न्हाय, अव्वा. मला ठावंच न्हवतं त्यो उठल्याला.’’

आत कुणाला तरी साडी लागली, टाळ्यांचा कडकडाट झाला. नीलम्माने स्टँडच्या खांबाला हात टेकला. तिने शिव्या घातल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर त्याला सोसलं असतं. तो त्याचीच वाट बघत होता.

‘‘इतकी वर्सं,’’ ती म्हणाली, ‘‘मी देवाला एकच म्हनत आलो. न्हेलास त्ये न्हेलास, पर त्येच्याजवळ तेवड्या टायमाला कुनीतरी ठिवलंस. हात सुटला तर सुटला. हुतं तरी कुनी.’’ तिचा आवाज अगदी बारीक झाला. ‘‘म्हंजी माजं प्वार एकटंच गेलं.’’

सोमशेखरने मान वर केली. तिच्याकडे बघितलं.

‘‘व्हय अव्वा,’’ तो म्हणाला, ‘‘एकटाच गेला.’’